दादांची पॉलिसी आणि वसंतची साखर

"डायबेटिस आहे. मधुमेह. साखर फार वाढलीय," डॉक्टर म्हणाले आणि वसंतच्या पायावर त्यांनी फडकं पुन्हा टाकलं. "कधीपासून आहे?"

"आत्ता तुमच्याकडूनच कळलं," मी म्हटलं.

खाटेच्या पायथ्याशी आमचे थोरले दीर उभे होते. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं, मीही म्हणते. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि हळूच म्हणाले, "शिमग्याच्या आधीपासून हाय, डॉक्टर."

रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळातला पुरुषांचा वॉर्ड होता आणि भाद्रपद सरत आला होता. शिमगा ते भाद्रपद, हिशेब ज्याचा त्याने करावा. वसंत तापाने ग्लानीत होता, त्याने काही ऐकलं नाही. मी मात्र चांगलं ऐकलं.

नवऱ्याचं नाव मी त्याच्यासमोर कधी घेतलेलं नाही. इथे घेते आहे, कारण 'हे' आणि 'ते' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. आणि हे सगळं लिहिते आहे ते ज्यांच्या घरात साखर आहे आणि ज्यांच्या घरात विमा उतरवायचं चाललं आहे, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी. आमच्या घरात दोन्ही एकदमच आलं.

डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळले तशी मी दादांना व्हरांड्यात गाठलं. "तुम्हाला कसं माहीत?" एवढंच विचारलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि सांगत गेले.

आमचं गाव रत्नागिरीच्या अलीकडे, खाली खाडी आणि वर सडा, म्हणजे कातळाचं पठार. सड्यावर दादांची चिऱ्याची खाण. जांभा दगड कापून त्याचे चिरे करायचे, ते ट्रकमध्ये भरून द्यायचे. खाण दादांच्या नावावर आणि राबणं वसंतच्या वाट्याला, अशी वाटणी होती. दादा अंगाने भरलेले, गोडाचे शौकीन, सावलीत बसून गडी मोजणारे. वसंत वाळक्या काटकीसारखा, उन्हात उभा.

त्या साली दादांनी विमा उतरवायचं मनावर घेतलं. साळवी नावाचे एजंट होते, शाळेत मास्तरकी करून उरलेल्या वेळात विमे उतरवायचे. ओटीवर बसून त्यांनी हप्ता कशावर ठरतो ते समजावलं. मीही दाराआडून ऐकलं. वय जेवढं कमी तेवढा हप्ता कमी. मुदत किती, रक्कम किती, तेही धरतात. धंदा धोक्याचा असला तर हप्ता चढतो. आईबाप कशाने गेले ते विचारतात, कारण काही आजार रक्तातून खाली येतात. आणि रक्कम मोठी असली तर डॉक्टरी तपासणी होते. त्यात काही निघालं तर 'एक्स्ट्रा प्रीमियम' बसतो, म्हणजे त्याच विम्याला जास्त हप्ता. फारच निघालं तर विमाच नाकारतात.

"म्हंजे जो लवकर मरणार त्याच्याकडनं आधी जास्त घ्यायचं," दादा म्हणाले.

"तसंच," साळवी हसले. "पण खरं लिवा हां दादा. खोटं निघालं तर मागनं बायकोपोरांना काय मिळत नाय."

दादांनी कसं खरं लिहिलं ते ऐका. धंद्यापुढे लिहिलं शेती. खाणीत सुरुंग लावतात, ते कशाला सांगायचं? वडील कशाने गेले, तर वार्धक्याने. माझे सासरे पन्नाशीच्या आत गेले. पायाची जखम चिघळून गेले, साखरेने. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

राहिली लघवी. ती मात्र लिहून बदलता येण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी सकाळची पहिली लघवी घरून बाटलीतून आणायला सांगितली होती. दादांना आपल्या लघवीची भीती होती. वडिलांना साखर, आपण जाडे, जेवणानंतर गूळ लागतो, तेव्हा आपल्यालाच असणार असं त्यांनी धरलं होतं. जाड्या माणसाला साखर होते आणि राबणाऱ्या काटकुळ्याला होत नाही, असं आमच्याकडे सगळेच समजत. सकाळीच ते खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन आमच्या दारात आले.

वसंत न्हाणीतून बाटली भरून घेऊन आला आणि हसत मला म्हणाला, "बघ गो, दादाला माझी किंमत कळली शेवटी."

मला तेव्हाही तो प्रकार किळसवाणा वाटला होता आणि मी तसं बोललेही होते. दोघे भाऊ खो खो हसले.

त्या बाटलीत साखर निघाली.

साळवी निरोप घेऊन खाणीवर गेले तेव्हा वसंत ट्रकबरोबर राजापूरला गेला होता. लघवीत साखर आहे म्हटल्यावर विमा कंपनीने दादांना रक्त तपासायला सांगितलं. रक्त काही बाटलीतून घरून नेता येत नाही, ते स्वतःचंच द्यावं लागलं. ते स्वच्छ निघालं. दादांना साखर नव्हती, दादांना काहीच नव्हतं. पॉलिसी साध्या हप्त्यात पास झाली.

आणि दादांनी पेढे वाटले. वसंतच्या हातावर दोन ठेवले. "तुझ्यामुळं झालं रे," म्हणाले. वसंतने दोन्ही खाल्ले. हे मी समोर उभी राहून पाहिलं आहे. दादांना त्या क्षणी माहीत होतं.

व्हरांड्यात मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"सीझन होता," दादा म्हणाले. "खाणीवर दुसरा माणूस कोण हाय? म्हटलं, पाऊस पडला की काम थांबतंच, तवा सांगू. मग पावसात कुठं नेणार? मग गणपती आले. सणाच्या तोंडावर असं कोण सांगतं का गो?"

आमच्याकडे हे खरंच आहे. गणपतीच्या तोंडावर वाईट बातमी द्यायची नाही. मुंबईचा चाकरमानी आजारी आई बघायला आला तरी तिचं दुखणं किती वाढलंय ते त्याला विसर्जनानंतर सांगतात. एखाद्याचं लग्न मोडलेलं असतं, एखाद्याचं वासरू मेलेलं असतं, सगळं झाकून ठेवायचं आणि आरत्या म्हणायच्या. ज्याला काही सांगायचंच नसतं त्याला तर हा सण फार उपयोगी पडतो.

त्या उन्हाळ्यात वसंतला तहान लागायची ती भागायची नाही. कळशीतलं पाणी संपवायचा. रात्री पुन्हा पुन्हा उठायचा. त्याच्या बंड्या अंगावर लोंबायला लागल्या. न्हाणीच्या कडेला मुंग्यांची रांग लागायची आणि मी तिच्यावर गरम पाणी ओतायची. कोणाला साखर झाली की लघवीपाशी मुंग्या येतात, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत झालं.

मी दादांना सांगितलंही, जरा डॉक्टरकडे पाठवा त्याला, वाळत चाललाय.

"उन्हानं होतं," दादा म्हणाले. "कोकमाचं सरबत देत जा." आणि चार पावलं गेल्यावर मागे वळले. "साखर जरा कमी घाल त्यात."

मला वाटलं, दुसऱ्याच्या घरातली साखरही याला जड झाली.

विसर्जनाला गणपती वसंतच्याच डोक्यावर होता. खाडीच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्या सुरीसारख्या धारेच्या. पाय कापला तर माणूस ओरडतो. वसंत ओरडला नाही. घरी येऊन पाटावर बसला, आरतीचा प्रसाद खाल्ला, आणि ओटीपासून चुलीपर्यंत शेणाने सारवलेल्या जमिनीवर रक्ताची पावलं उमटलेली मीच त्याला दाखवली. त्याला कळलंच नव्हतं. आम्ही त्याला वाघ म्हणून हसलो.

डॉक्टरांनी नंतर समजावलं, याला न्यूरोपथी म्हणतात. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. "जखम दुखली नाही हेच वाईट," ते म्हणाले. "दुखली असती तर तुम्ही लवकर आला असता."

आम्ही हळद भरली. मग झाडपाला बांधला. मग करंगळी काळी पडली आणि घरात वास यायला लागला. ताप चढला तेव्हा चिऱ्यांच्याच ट्रकमधून आणलं त्याला.

काळं पडणं म्हणजे गँगरीन. त्या भागाला रक्त पोचत नाही आणि माणूस जिवंत असताना तो भाग मरतो. आधी दोन बोटं काढली. रोज ड्रेसिंग करायचे तेव्हा वसंत छताकडे बघायचा आणि मी पायाकडे. बघायची सवय होते. वॉर्डात सकाळी प्रत्येकाची लघवी तपासायचे. निळं औषध नळीत घालून त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचे. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, आणि शेवटी विटकरी. वसंतची नळी थेट चिऱ्याच्या रंगाची व्हायची.

इन्सुलिन म्हणजे साखर जिरवणारं औषध, ते सुईनेच द्यावं लागतं. नर्सबाईंनी मला शिकवलं. काचेची सिरिंज उकळायची, मांडीवर जागा बदलत टोचायची. घरी फ्रिज नसेल तर बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी घाबरू नये. पहिल्या दिवशी सुई वाकडी जाते, नंतर पोळी लाटावी तसं होतं.

मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "अँप्युटेशन करावं लागेल, गुडघ्याच्या खाली. पाय ठेवला तर माणूस जाईल."

मी विचारलं, "शिमग्यालाच कळलं असतं तर?"

"गोळ्या, पथ्य आणि पायात चप्पल," ते म्हणाले. "एवढ्यावर भागलं असतं बहुतेक."

सही दादांनी केली. घरातला मोठा पुरुष म्हणून कागद त्यांच्यापुढे गेला आणि त्यांनी ऐटदार सही केली. मी तिथेच उभी होते.

खरं सांगायचं तर इस्पितळात दादांनी काही कमी केलं नाही. खर्च त्यांचा, डबा त्यांच्या घरचा, रक्त लागलं तेव्हा तेही त्यांनी दिलं, स्वच्छ होतंच. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक म्हणायचे, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. दादा मान खाली घालायचे आणि लोकांना तो विनय वाटायचा. मला एकटीला गाठून मात्र दोनदा म्हणाले, "आता त्याला कशाला सांगतेस? बरा होऊ दे." मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी सांगणार नाही. ते हो म्हणाले आणि सांगितलं नाही.

वसंत कुबड्या घेऊन घरी आला. थोड्या दिवसांनी साळवी आले तेव्हा मी त्यांना विचारलं, वसंतच्या विम्याला किती हप्ता बसेल? साळवी भला माणूस. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "वैनी, आता कितीही द्या म्हटलं तरी घेणार नायत." ज्या पॉलिसीला वसंतने लघवी दिली ती दादांची, आणि त्याला स्वतःला कुठल्याही किमतीत विमा नाही. म्हणून सांगते, तब्येत धड आहे तोवरच विमा उतरवा आणि विचारतील ते खरं लिहा. घरात कोणाला साखर असेल तर अंगाने कसेही असा, तपासून घ्या. आपली लघवी कोणाला देऊ नका, आणि दिलीत तर निकाल मागून घ्या.

घरी बसलेला वसंत रोज एकच म्हणायचा, "दादा नसता तर मेलो असतो." मुलीला शिकवायचा, मोठ्या काकांच्या पाया पड, त्यांनी तुझ्या बाबाला वाचवलं. एकदा दादा ओटीवर आले तेव्हा तो स्वतःच पाया पडायला वाकला. कुबडी सटकली आणि तो तोंडावर आपटला. दादांनी त्याला उचललं, छातीशी धरलं आणि रडले. दोघेही रडले.

दादा घरी परतल्यावर मी वसंतला सगळं सांगितलं. बाटली, साखर, पेढे, सीझन, गणपती, सगळं. आवाज न चढवता सांगितलं. मला वाटलं होतं तो कुबडी फेकेल, शिव्या देईल, निदान रडेल.

त्याने कुबडी जवळ ओढून घेतली. मग म्हणाला, "पाय गेला तो गेला गो. भाऊ होता, तो पण आज तू नेलास."

उठून आत गेला. इन्सुलिनची वेळ झाली तेव्हा मांडी पुढे केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

या गोष्टीला आता वर्षं झाली. तो जगला, याबद्दल त्या डॉक्टरांची आणि नर्सबाईंची मी कायमची ऋणी आहे. साखर ताब्यात आहे. दादांशी तो पूर्वीसारखाच बोलतो, हसतो. माझ्याशी कामापुरतं.