सानिकाने मराठीत मेसेज केला तेव्हा

मित्रांनो, आज सकाळी अकरा वाजता सानिकाचा मेसेज आला आणि माझं सगळं उलटंपालटं झालं. तब्बल आठ महिन्यांनी! "कसा आहेस? माझं अकाउंट अडकलंय. तुझ्या फोनवर एक कोड येईल, तो पाठव ना."

सानिका इथे उत्तरेत, आमच्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतली, आता पुण्याला असते. तिला मराठी कळतं, पण उत्तर कायम हिंदीत. मराठीत लिही म्हणून मी किती मागे लागायचो! आज तिने लिहिलं, तर संशय यायचा सोडून मी विरघळलो. कोड कसला आहे हेही न वाचता पाठवला.

पाच मिनिटांत माझं चिकनकारी भरतकामाचे कुर्ते विकायचं पेज हातातून गेलं. कॉलेज सोडून तेवढंच तर उभं केलं होतं. आता कुणीतरी माझ्या नावाने माझ्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवतोय. कृपा करून उघडू नका.

बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलंस, आता अक्कलही सोडलीस?" मी भडकलो, नको ते बोललो. मग सानिकाला फोन लावला.

"अरे यार, मेरा अकाउंट तो परसों से हैक है! सबको बताया था."

"मला नाही सांगितलंस."

"सॉरी. तू ठीक है ना?"

कोड मागणारं कितीही जवळचं असो, आधी फोन करा. पण खरं सांगू? मेसेज तिचाच असता, तर पेज गेल्याचं एवढं लागलं नसतं. तुमचंही आहे का असं कुणी, ज्याचं नाव दिसलं की तुम्ही काहीच तपासत नाही?

सायबर सेलमध्ये तक्रार द्यायला बाबा स्कूटर काढून खाली थांबलेत. हे माझ्या दुसऱ्या अकाउंटवरून टाकतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.