गांजा सुटला, कबुली राहिली

"मी गंजाडी नाय, बाई. तसं लिवू नका," दामू म्हणाला आणि त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. आम्ही खालापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होतो. आत मॅजिस्ट्रेट माझ्या रिपोर्टची वाट पाहत होते.

मी तेव्हा प्रोबेशन ऑफिसर होते. म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात पाठवावे की देखरेखीखाली घरी ठेवावे, याची चौकशी करून कोर्टाला कळवणारी सरकारी नोकर. दामू खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याच्या डब्याच्या पिशवीत गांजाची पुडी सापडली आणि त्याने गुन्हा कबूल केला.

अमली पदार्थांचा कायदा नवाच आला होता. पुडी लहान असेल आणि माणूस व्यसनी असेल, तर शिक्षेऐवजी सरकारी खर्चाने उपचार आणि समुपदेशन. समुपदेशन म्हणजे व्यसन सुटावे म्हणून माणसाशी नेमाने बोलत राहणे. व्यसन नसेल तर तुरुंग. नीट वाचा: अधूनमधून ओढणारा आत, रोज ओढणारा घरी.

"तुरुंगात जाशील. नोकरी जाईल," मी म्हटले.

"जाऊ दे. गंजाडी म्हणून नाव झालं तर आमच्या दहिवलीत माझ्या पोरींना कोण करून घेईल?"

त्याची बायको कुसुम पुढे झाली. "आणि रोज सांजच्याला माळ्यावर जाऊन काय धूप घालत होता? बाई, तुमी लिवा."

"तू गप गं!"

मी वही उघडली. "सोडायचा प्रयत्न केलास कधी?"

"तीनदा."

"मग?"

"नाय सुटला."

मी तेवढेच लिहिले. व्यसनी हा शब्द मॅजिस्ट्रेटांनी स्वतःच उच्चारला. सहा महिने दर बुधवारी सरकारी दवाखान्यात हजेरी, मग पुन्हा कोर्ट.

दामूने पहिल्याच महिन्यात गांजा सोडला. कुसुमने माळ्याची शिडी शेजारणीकडे नेऊन ठेवली होती. दवाखान्याचा रिपोर्ट मात्र आला: 'प्रगती नाही.' पुढच्या महिन्यातही तेच. पाचव्या महिन्यात मी समुपदेशकांना फोन केला. ते शहरातून नुकतेच शिकून आलेले.

"अहो, तो आता ओढत नाही."

"मॅडम, तो प्रश्नच नाही. पेशंट व्यसन मान्य करत नाही. फॉर्मचा पहिला रकाना कबुलीचा. तो रिकामा असताना पुढचे कसे भरू?"

या रिपोर्टवर कोर्टाने त्याला थेट आत पाठवले असते. मी दहिवलीला गेले.

"बुधवारी जा आणि व्यसन आहे म्हण."

"वढत होतो तवा नाय म्हटलं. आता वढत नाय, तर हाय म्हणू?"

"म्हणा की!" कुसुम म्हणाली. "खरं बोलायला उशीर झाला, एवढंच."

त्याने बुधवारी कबूल केले. रिपोर्ट आला: 'लक्षणीय प्रगती.' चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर कोर्टाने त्याला मोकळे केले.

कारखान्याच्या साहेबांनी कोर्टाचा कागद वाचला आणि त्याला मशीनवरून काढून गेटवर बसवले, कामगारांचे खिसे तपासायला. पुढे एकही पुडी आत गेली नाही म्हणे. लपवायच्या सगळ्या जागा त्याला पाठ होत्या. पोरींची लग्नेही झाली.

तेव्हापासून कोणताही माणूस सुधारला का हे पाहायला मी त्याच्या घरी जात असे. पण जाण्याआधी फॉर्मचा पहिला रकाना वाचत असे.