पाखराची तीन बोटं

मागच्या महिन्यात डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात फाटकावरचा रखवालदार आत आला. स्टोअरमधला दत्तोबा रजेवर होता, सकाळी गावी शेतावर काम करताना छातीत कळ येऊन गेला, असं त्यानं सांगितलं. हातातला घास तसाच राहिला...

दत्तोबा चाकणजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी आम्ही एकाच आठवड्यात पिंपरीच्या एका कारखान्यात लागलो. तो पत्रा कापायच्या प्रेसवर, मी ड्रॉइंग ऑफिसात. वर्षभरातच प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. दवाखान्यात तो हात चादरीखाली लपवून भिंतीकडे तोंड करून पडायचा. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी वाचनालयातून एक सचित्र पुस्तक नेलं. प्राणी उडायला कसे लागले, याचं. निवडून नेलं असंही नाही, टेबलावर वरच पडलेलं होतं.

चार दिवसांनी गेलो तर तो उठून बसलेला. पंखातल्या हाडांचं चित्र त्यानं माझ्यापुढे धरलं आणि पहिल्यांदाच तो हात बाहेर काढला.

"पाखराची बी बोटं गेल्यात बघा, साहेब. आदी पाच हुती, आता तीनच. ती बी एकमेकाला चिकटल्याली." मग म्हणाला, "तरी उडतंय."

पुढे त्याला स्टोअरमध्ये घेतलं. तो डाव्या हातानं लिहायला शिकला. माझं 'साहेब' जाऊन 'भाऊ' झालं. रविवारी आम्ही सायकलींवर रावेतला, पवनेच्या काठी जायचो. तिथल्या वडावर वटवाघळं लटकलेली असत. त्यांनी बोटं गमावली नाहीत, लांबवली आणि त्यांवर कातडं ताणलं; किड्यांच्या पंखांची तर तऱ्हाच वेगळी, असं तो भावकीतली माहिती द्यावी तसं सांगायचा. पाखरं धावता धावता उडाली की झाडावरून उड्या टाकता टाकता, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही, याचं त्याला फार अप्रूप. तो झाडाच्या बाजूचा. आधी पुष्कळ पडली असणार, म्हणायचा.

धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यानं अक्षता टाकल्या त्या उजव्याच हातानं, सगळ्या गावासमोर. मला मान फिरवावी लागली होती.

परवा एकटाच रावेतला गेलो. दिवस मावळला, वडावर फडफड सुरू झाली. पहिलं वटवाघूळ सुटलं तसं मी सवयीनं म्हणालो, "निघाली बघ."

आणि उत्तराची वाट पाहत बसलो...