शलाकाचा बटणांचा फोन

शलाका परब राहायची मुलुंडला, पण अंधेरीचं ऑफिस सुटलं की मुद्दाम आरेतून जाणारी बस धरायची. झाडी दाट झाली, नेटवर्क रखडायला लागलं की पर्समधून बटणांचा फोन काढायची, आमचा ब्राउझर उघडायची आणि पान यायला किती वेळ लागला ते वहीत लिहायची. मी तेच काम ऑफिसच्या वायफायवर, चहा पीत करायचो. ती वही दिसली की माझं डोकं फिरायचं.

स्वस्तातल्या छोट्या फोनवर चालेल असा हलका ब्राउझर करायचं काम आम्हा दोघांकडे होतं. मी तिच्याहून चार वर्षांनी सीनियर. मी एखादी सोय घातली की ती मालवणीत विचारायची, "ह्यां कित्याक व्हयां?" कशाला हवं, ते मलाही धड सांगता यायचं नाही. मग ती ते काढून टाकायची आणि ब्राउझर खरंच पळायला लागायचा. सगळे झकास म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि आतून जळायचो.

पुढे ठरलं की दोघांनी साहेबांना आपापली आवृत्ती दाखवायची. जी पसंत पडेल तिच्या माणसाकडे टीम. मला ती टीम हवी होती. तीन दिवस आधी मी गुपचूप तिची आवृत्ती चालवून बघितली. फॉर्म भरताना नेटवर्क गेलं तर भरलेलं सगळं पुसलं जात होतं. बाई बसमध्ये नुसती पानं उघडत बसली होती, फॉर्म कधी भरलाच नव्हता! माझ्या आवृत्तीत तो टिकत होता. आता हिची वाट लागली, म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

साहेबांसमोर उभी राहून तिने सगळ्यात आधी तेच सांगितलं. माझ्यात फॉर्म पुसला जातो, याच्यात नाही, तेवढा भाग याचा घ्या. टीम तिलाच मिळाली. चूक कबूल करूनही हीच जिंकते म्हणजे काय? कित्येक दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो.

वर्षभराने ती नोकरी सोडून बंगळुरूला निघाली. शेवटच्या दिवशी चहा पिताना मी म्हटलं, स्वतःची चूक अशी सगळ्यांसमोर सांगायची म्हणजे मोठं मन लागतं.

"मोठं मन कसलं रे," ती म्हणाली. "तू चालवून बघितलंस, तू भरलेला फॉर्म पुसला गेला, तेव्हाच मला सर्व्हरवर तुझ्या नावानिशी नोंद दिसली. तू येऊन सांगशील म्हणून दोन दिवस थांबले होते."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

टीम आता माझ्याकडे आहे. तिच्याइतकं काम मलाही येतं, निदान लोक तसं म्हणतात. पण मी काही कुणासाठी दोन दिवस थांबलो नसतो. त्याच गोष्टीचा हेवा अजून वाटतो.