जर्मनीतली उलटी पाटी

मंडळी, पवनचक्क्यांच्या गेटवर आम्ही कामगार धरणं धरून बसल्याला आज नऊ दिवस झाले. झिजलेला सेफ्टी बेल्ट बांधून वर चढायला नकार दिला, म्हणून कंपनीनं आमच्या सुनीलला कामावरून काढलंय.

दुपारी युनियनच्या ताईंनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. सुनीलबद्दलचं आमचं पत्र त्यांनी युनियनच्या दिल्ली ऑफिसमार्फत जर्मनीला पोचवलं होतं. तिथल्या, याच कंपनीच्या कारखान्यातले कामगार पाटी धरून उभे होते. पाटीवर चक्क मराठीत, 'सुनीलला कामावर घ्या.' पण पाटी उलटी धरलेली! आम्ही लई हसलो.

सुनील मात्र फोन उलटा करून बघतच बसला. म्हणाला, "वाचता येत न्हाय, तरी उभे राहिले की."

गेटवरून आपलं ईट गाव दिसतं. गाववाल्यांनो, तुम्हाला तर वाचता येतं. उद्या येताय का?