अंटार्क्टिकाचा रहिवासी दाखला

मंडळी, आज दुकानात जे झालं ते मला कुणीतरी समजावून सांगा. दुपारपासून डोकं चालेना झालंय.

सोलापुरात माझं दाखले काढून देण्याचं केंद्र आहे. आज माझ्या अकरावीतल्या लेकीने तिथे एक प्रिंट काढली. अंटार्क्टिकातल्या एका देशाच्या नागरिकत्वाचं, तिच्या नावाचं प्रमाणपत्र. तिथला बर्फ वाचावा म्हणून काही लोकांनी स्वतःच जाहीर केलेला देश.

सवयीने मी विचारलं, "पुरावा काय जोडलास? लाइट बिल?"

"आई, तिथे कधीच पाऊल ठेवणार नाही, एवढंच लिहून द्यायचं."

मी हसले. समोर बिरूमामा बसले होते, सांगोल्याकडचे मेंढपाळ. वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरतात, म्हणून त्यांचा रहिवासी दाखल्याचा अर्ज 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा मारून दोनदा परत आलाय.

त्यांनी लेकीला विचारलं, "म्हंजी तितं ऱ्हायचं न्हाय, तरी आपून तितलंच?"

"हो मामा."

"शानी मान्सं हायती की. आमी बिरोबा देवाच्या बनात कुऱ्हाड न्हेत न्हाय, पर बन आमचंच हाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, माजाबी अर्ज तितंच टाक."

लेकीने खरंच टाकला. दहा मिनिटांत कागद आला, मामांनी घडी घालून खिशात ठेवला. गावचा अर्ज मात्र तिसऱ्यांदा भरून माझ्या टेबलावर पडलाय.

रोज दाखले काढते मी. तरी सांगा, रहिवासी नक्की कुणाला म्हणायचं?