टाइटनानांनी आवळलेल्या साखळ्या

नानांच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये तुम्ही कशासाठीही जा. दिवा गेलाय म्हणा, डिझेल गळतंय म्हणा, नाहीतर नुसता पत्ता विचारायला जा. नाना तुमचं ऐकून घेणार, मान डोलवणार आणि हातात पाना घेऊन थेट ट्रॅक्टरच्या मागे जाणार. मागे अवजार जोडायचे दोन लोखंडी हात असतात आणि ते डावीउजवीकडे फार झुलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना साखळ्या असतात. त्या साखळ्यांचा पेच नाना असा काही आवळायचे की साखळीवर टिचकी मारली तर टणकन वाजावी. मग समाधानाने म्हणायचे, "आता बघा! जागचं हलायचं नाही." दिवा तसाच गेलेला. अख्खा गाव त्यांना टाइटनाना म्हणायचा, आणि नानांना वाटायचं, लोक कौतुक करतात.

हलणं म्हणजे बिघडणं, यावर या माणसाचा देवापेक्षा जास्त विश्वास. घरात खुर्चीचे पाय खिळे ठोकून जमिनीला जखडलेले, त्यामुळे जेवायला बसताना पोट आत ओढून शिरावं लागे. खिडक्या अशा घट्ट की उन्हाळ्यात उघडायच्या तर शेजाऱ्याला हाक मारावी लागे. एकदा बायकोच्या चष्म्याच्या काड्या सैल झाल्या म्हणून नानांनी त्या आवळल्या. महिनाभर त्या माउलीच्या कानामागे वळ होते. पण बोलायची सोय होती का? "अहो, दुखतंय" म्हटलं की उत्तर तयार, "दुखतंय म्हणजे नीट बसलंय."

अशा घरात मुलगी बाळाला घेऊन राहायला आली. जावई परगावी नोकरीला. मुलगी लग्नाआधीपासून उत्तम ट्रॅक्टर चालवायची, आणि गावाबाहेरच्या मोठ्या मळ्यावर नांगरणीसाठी चालक हवा होता. काम मिळालं तर ती इथेच राहणार, नाहीतर बाळाला घेऊन नवऱ्याकडे जाणार, आणि तो राहतो तिथून वर्षातून एकदा येणं झालं तरी खूप. नानांचा जीव त्या बाळात असा काही अडकला होता की शेडमधून दिवसातून चारदा काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून घरी यायचे. माळ्यावरचा पाळणाही त्यांनीच उतरवला. पुसला, तेल लावलं, आणि झुलताना कुरकुरतो म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मारून पक्का केला. न झुलणारा पाळणा! बाळ त्यात ठेवलं की किंचाळायचं. आजी बिचारी त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची, आणि नाना म्हणायचे, "पोरगं जरा हट्टीच दिसतंय."

मळ्यावर परीक्षा अशी होती की आपला ट्रॅक्टर आणायचा, साहेबांसमोर एक पट्टा नांगरून दाखवायचा. नांगराची चर सरळ आणि सारख्या खोलीची पडली तर काम तुमचं. मुलीने नांगर स्वतः जोडून ठेवला होता, साखळ्या हव्या तेवढ्या सैल ठेवून. सकाळी ती बाळाचं आवरत होती म्हणून ट्रॅक्टर मळ्यावर न्यायचं काम नानांनी घेतलं.

तिथेच घात झाला. निघताना नानांनी मागे पाहिलं तर नांगर इकडे तिकडे झुलतोय! एवढी महत्त्वाची परीक्षा, नातवाचा प्रश्न, आणि पोरीने साखळ्या अशा लोंबत्या ठेवल्यात? नानांनी पाना घेतला आणि आयुष्यात आवळल्या नसतील अशा आवळल्या. तरी समाधान होईना. वाटेत ढिल्या पडल्या तर? मग वेल्डिंगचं यंत्र ओढलं आणि दोन्ही पेचांवर एकेक टाका मारून टाकला. आता देव आला तरी पेच फिरणार नव्हता.

मळ्यावर साहेब, त्यांची माणसं आणि कामासाठी आलेला दुसरा चालक, सगळे बांधावर उभे. बाळाला घेऊन आजीही आलेली. मुलगी चढली, नांगर जमिनीत सोडला आणि निघाली. दहा पावलांतच स्टीअरिंग जड झालं. सरळ धरायला गेली तर नांगर ट्रॅक्टरचं मागचं अंग आपल्याकडे ओढून धरी, आणि चर अशी वेडीवाकडी पडली की दुसरा चालक तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. मुलीने ट्रॅक्टर थांबवला. खाली उतरून साखळीला हात लावला. ताठ. पाना लावला. पेच ढिम्म हलेना. मग तिला टाका दिसला, आणि तिने बांधाकडे पाहिलं.

नाना जवळ आले. "बाबा, हे काय आहे?"

"हलत होतं गं."

"हलायलाच हवं होतं! नांगराला जमिनीत आपली वाट धरू द्यायची असते. टायरला घासू नये, एवढ्यापुरतीच साखळी असते. कितीदा सांगितलं तुम्हाला!"

साहेब बांधावरून ओरडले, "एकदाच परत संधी देतो. लवकर आटपा."

नानांनी ट्रॅक्टरच्या पेटीतली लोखंड कापायची करवत काढली, टाक्यावर धरली, दोन हात मारले आणि पातं कडकन तुटलं. तेही त्यांनीच करवतीत इतकं आवळलेलं! शेवटी छिन्नी आणि हातोडा. घाव घालताना प्रत्येक घावाबरोबर त्यांचं तोंड असं वेडावाकडं होत होतं, जणू स्वतःचाच दात उपटताहेत. टाके निघाले. पाना लावला आणि हात सवयीने फिरला.

"उलटं, बाबा."

उलटं फिरवायची वेळ त्या हातांवर कधी आलीच नव्हती. नानांनी पेच सैल केला. नांगर डोलला. त्यांना बघवेना, डोळेच मिटून घेतले त्यांनी.

ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला, वळला, परत आला. "अहो, बघा तरी," बायको म्हणाली. नानांनी एक डोळा उघडला. काळी, ओली माती एका रेषेत उलटून पडलेली होती, आणि तिच्या टोकाला नांगर आरामात हलत होता.

साहेब खूश झाले. चरीपाशी वाकून खोली पाहिली, काम पक्कं केलं, आणि सहज विचारलं, "साखळ्या छान लावल्यात. कोणी लावल्या?"

दुसरा चालक पुन्हा रुमाल शोधायला लागला. मुलगी म्हणाली, "बाबांनी."

एरवी कौतुकाच्या निम्म्या शब्दावर आपली शेड, आपला अनुभव, आपला हात यांचं पुराण लावणारे नाना मान खाली घालून पाना पुसत राहिले. पाना कधीच स्वच्छ झाला होता.

घरी आल्यावर हातही न धुता ते पाळण्याकडे गेले. पट्ट्या काढल्या, बाळाला आत ठेवलं. पाळणा कुरकुरत झुलायला लागला तसा नानांचा हात आपोआप पान्याकडे गेला. बायकोने तो पाना त्यांच्या हातातून काढून घेतला आणि तिथे पाळण्याची दोरी दिली.

"ओढा," ती म्हणाली. नानांनी ओढली आणि तशीच घट्ट धरून बसले. पाळणा एका बाजूला कलून थांबला. बाळाने ओठ काढले.

"अहो, सोडा आता. ओढली की सोडायची असते."

नानांनी सोडली.